पॅकिंगखालचं कुंकू

दशरथ मेत्रे या ड्रायव्हरवर अन्याय झाला. १९८३ च्या दसऱ्याला, लोकांनी एकमेकांना आपट्याची पानं द्यायच्या आधी, बिदरच्या पठारावरून चिटगुप्प्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. ज्यांनी केला ते मोकळे आहेत. ती गाडीही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर आली आहे. अडकलाय तो एकटा दशरथ. त्याचं लायसन जप्त आहे आणि दारू पिऊन भरधाव गाडी चालवल्याचा खटला त्याच्या अंगावर आहे.

मी त्या गाडीचा मेकॅनिक. आमच्या युवक मंडळाची पत्रकं मी लिहितो, त्यामुळे तोंड फाटकं आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. पत्रकात जागा कमी असते, 'जाहीर निषेध' लिहून थांबावं लागतं. इथं जागा आहे. म्हणून पहिल्यापासून सांगतो, आणि पहिल्यापासून म्हणजे इंजिनापासून.

बिदरला बाबूमियाँ उस्तादांच्या गॅरेजात मी कामाला होतो. गॅरेजची शेड आणि पुढचं आवार गुरुनाथअप्पांचं. अप्पा चिटगुप्प्याचे भुसार व्यापारी. जागेचे मालक म्हणून त्यांचं काम आधी, बाकीच्यांचं नंतर, हा गॅरेजचा न लिहिलेला कायदा. अप्पांकडे एक जुनी परदेशी स्टेशन वॅगन होती. हैदराबादच्या कुठल्याशा नवाबाच्या घराण्यातून आलेली. स्टेशन वॅगन म्हणजे मोटारीचं तोंड आणि मागं छोट्या टेम्पोएवढी जागा. डिकी नाही, सगळं एकच लांब पोट. दिसायला राजा. पण आतलं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन दमेकरी झालेलं. पठाराचा चढ आला की रेडिएटर उकळायचं आणि आतल्या माणसांनी उतरून ढकलायची वेळ यायची.

भाद्रपदात अप्पा एका टेम्पोत इंजिन घालून आले. आवारात उतरवलं.

"उस्ताद, ह्ये आपल्या वॅगनला बसवायचं."

उस्तादांनी इंजिनाभोवती एक फेरी मारली. "अप्पा, ये तो ट्रक का है. डिझेल."

"ट्रकचं हाय म्हणूनच आणलंय. शेळीच्या अंगात म्हशीचं काळीज घालायचंय."

मी विचारलं, "कशासाठी, अप्पा? घरच्या गाडीला एवढी ताकद कशाला लागती?"

"कामून? तुझ्या मंडळाची परवानगी काढावी लागती काय?"

सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. ज्याला बायकोला घेऊन देवदर्शनाला जायचंय तो माणूस ट्रकचं इंजिन आणत नाही. पहिल्यांदा मी इंजिनावरचा नंबर बघितला, घासलाय का म्हणून. घासलेला नव्हता. कागदही होता. म्हणजे चोरीचं नाही. तेव्हा माझा संशय मला दुसरीकडे न्यावा लागला.

तो कुठं न्यायचा हे दशरथनं सांगितलं. दशरथ मेत्रे अप्पांचा ड्रायव्हर. त्याच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती, याच्या हातात स्टेअरिंग आलं. सरळ माणूस. इतका सरळ की आपण काय सांगतोय हे त्याला कळत नाही.

"मागची शीट काढून दोन बाकडी टाकायलेत," तो म्हणाला. "चिटगुप्पा-बिदर, बिदर-चिटगुप्पा. अप्पा म्हणले, माणसं मोजून न्हाई, दाबून बसवायची."

"परमिट?"

"नातेवाईक हायत म्हणायचं."

"सगळे?"

"अप्पाचा गोतावळा मोठा हाय बाबा," असं म्हणून तो एकटाच हसला.

आता इंजिन बदलणं म्हणजे काय ते सांगतो. लोकांना वाटतं, जुनं काढलं, नवं ठेवलं, चार बोल्ट आवळले, झालं. तसं नसतं. नवं इंजिन जुन्यापेक्षा रुंद आणि जवळजवळ दुप्पट जड. ते ज्या पायांवर बसतं ती माउंटिंग कापून नव्यानं वेल्ड करावी लागली. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडं एकमेकांना जुळत नव्हती. मध्ये एक जाड लोखंडी प्लेट लागते, दोन्ही बाजूंची भोकं असलेली. ती लेथवर करून आणली. त्या प्लेटचं सेंटर केसभर जरी चुकलं तरी क्लच जळतो. ते उस्तादांनी स्वतः जुळवलं. त्या कामात त्यांच्यासारखा हात मी पाहिला नाही, आणि पुढं जे लिहिणार आहे ते लिहूनही हे वाक्य मी मागं घेत नाही. रेडिएटर मोठा घातला. जुनी बॅटरी सहा व्होल्टची, तिला डिझेलचा स्टार्टर फिरवता येईना, म्हणून बारा व्होल्टची घातली. पुढचं वजन वाढलं म्हणून पुढच्या कमानींना एकेक पाटा वाढवला. चेनकप्पीला टांगलेलं ते धूड अखेर आत बसलं आणि पहिल्या सेल्फला चालू झालं. आवारातली पाखरं उडाली.

राहिला ब्रेक.

हे नीट वाचा, कारण सगळा खटला इथं आहे. पेट्रोल इंजिन श्वास घेतं तेव्हा त्याच्या नाकाशी एक झडप असते. झडप मिटली की आत ओढ तयार होते. तुम्ही नाक चिमटून श्वास घेऊन बघा, छातीत जी ओढ जाणवते ती. वॅगनमध्ये ती ओढ एका नळीनं ब्रेकजवळच्या डब्याला पोचायची आणि तो डबा ड्रायव्हरच्या पायाला जोर द्यायचा. डिझेल इंजिनाला ती झडप नसते. ते तोंड उघडं टाकून श्वास घेतं. ओढ नाही, म्हणजे डबा मेलेला. म्हणून डिझेलला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो इंजिनाच्या अंगाला तीन बोल्टांनी बसतो, आतल्या गिअरवर फिरतो आणि ती ओढ तयार करतो. पंप आणि इंजिन यांच्यामध्ये कागदाचं पॅकिंग असतं, तेल बाहेर येऊ नये म्हणून. पंप नसला तर ब्रेक असतो. पण पेडल दगड होतं. पैलवान असाल तर रिकामी गाडी थांबेल. माणसं दाबून भरलेली, उताराला लागलेली थांबणार नाही.

अप्पांनी आणलेल्या इंजिनाला पंप नव्हता. भोकावर एक पत्र्याची टिकली मारलेली होती.

"अप्पा, पंप पायजे," मी म्हणालो.

"ब्रेक हाय की गाडीला."

"हाय. त्याला मदतनीस न्हाई."

"माझ्या बापानं बैलगाडी हाकली, तिला कुठं मदतनीस होता?"

"बैल थांबत होते, अप्पा."

उस्तादांनी मला डोळ्यानं गप्प केलं आणि अप्पांना समजावलं. पंपाशिवाय गाडी आवाराबाहेर द्यायची नाही असं ते स्पष्ट म्हणाले. ते मी ऐकलं आहे. अप्पा म्हणाले, हैदराबादहून मागवतो. पंप येईना. घटस्थापना झाली, माळा चढायला लागल्या, पंप येईना.

तो आला खंडेनवमीला. आणि खंडेनवमी म्हणजे काय, ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, पण लांबच्यांना सांगतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा. गॅरेजातले सगळे पाने, पकडी, हातोडे, जॅक धुऊन पुसून पाटावर मांडतात, त्यांना दोरा गुंडाळतात, झेंडूची फुलं वाहतात. एकदा दोरा बांधला की दसऱ्याचं सोनं वाटून होईपर्यंत एकही पाना उचलायचा नाही. आमच्या रांगेतलं कुठलंच गॅरेज हा नियम मोडत नाही. बाबूमियाँ उस्ताद तर सगळ्यांत कडक. दोरा स्वतःच्या हातानं बांधायचे. "औजार का दिन है," म्हणायचे, "सालभर हम उनसे काम लेते, एक दिन उनकू आराम."

आमच्या घरात छप्पन सालानंतर देव्हारा नाही. मी पूजेला हात लावत नाही. पण त्या दिवशी मीही पाना उचलत नाही. सगळ्यांच्या हाताला सुट्टी असताना माझ्याच हातानं काय पाप केलंय?

तर दोरा बांधून झाल्यावर अप्पा आले. सोबत घरची मंडळी आणि हातात पंप, नवाकोरा, तेलकट कागदात.

"अब नहीं बसता," उस्ताद म्हणाले. "दोरा बंध गया."

"बसवा म्हणलं कोण? पूजेत ठेवा."

पंप पाटावर ठेवला, पान्यांच्या शेजारी, इंजिनाला चिकटणारी बाजू वर करून. अक्कांनी, म्हणजे अप्पांच्या मंडळींनी, त्या सपाट बाजूवर पाच बोटं हळदीकुंकू लावलं. ओलं, ठसठशीत. मी दोन हातांवर उभा होतो. ते लाल ठसे मला आजही दिसतात.

मग गाडीची पूजा. हार, नारळ, कोहळा. पुढच्या चाकांखाली लिंबं. लिंबांवरून गाडी पुढं घ्यायची आणि थांबवायची, की पूजा झाली. रांगेतल्या सगळ्या गॅरेजांतली माणसं जमली होती, शेजारचे दुकानदार, त्यांच्या बायका, खोबऱ्याच्या आशेनं आलेली पोरं. दशरथ आत बसला. नवरात्र म्हणून तो अनवाणी होता. तुळजापूरच्या भवानीचं त्याच्या घरात आहे, नऊ दिवस उपास आणि पायात चप्पल नाही. त्यानं गाडी चालू केली, क्लच सोडला, लिंबं फुटली. आवाराला रस्त्याकडं थोडा उतार आहे. गाडी पुढं आली, रांगोळी पुसत गेली, आणखी पुढं गेली आणि कोपऱ्यातल्या टायरच्या ढिगाला नाक लावून थांबली. ढीग कोसळला.

आवार हसलं. सगळं आवार.

दशरथ घाम पुसत उतरला. "अप्पा, पेडल दबंना की. म्या दोन्ही पाय लावले."

"नऊ दिस उपास धरलास. पायात जोर कुठून यील?"

पुन्हा हसू. अक्का खोबरं वाटत होत्या.

"उद्या सकाळी गाडी न्यायची," अप्पा म्हणाले. "दसऱ्याची गर्दी हाय."

उस्ताद म्हणाले, "कल नक्को अप्पा. परसों. पंप बसने दो."

"पूजा झाली. आता देव बघंल."

मी म्हणालो, "देवाकडं लायसन न्हाई, अप्पा."

आता कुणी हसलं नाही. अप्पा माझ्याकडे वळले. "तू कामून देवाचं नाव घ्यायलास? तुमच्यात चालत न्हाई न्हवं?"

दुपारच्या बसनं मी निंबर्ग्याला घरी गेलो. दसऱ्याला आमच्या वस्तीत धम्मदीक्षेच्या आठवणीचा कार्यक्रम असतो. दसऱ्याच्या दिवशी सकाळपासून मी पांढरा सदरा घालून सतरंज्या अंथरत होतो, आणि संध्याकाळी भाषण केलं. लोकांना ते लांबलं असं वाटलं, त्यामुळे मी तिथं होतो हे कुणी विसरणार नाही.

परत आलो तेव्हा वॅगन आवारात उभी होती, डावं तोंड चेचलेलं. पोलिसांनी पंचनामा करून ती गॅरेजातच ठेवली होती, तपासणीच्या साहेबांची वाट बघत. मागं बसलेल्या काशीबाई नावाच्या एका बाईचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. दशरथ कोठडीत होता.

उस्तादांनी मला बघितलं आणि चहा मागवला. मी तिथं कामाला लागल्यापासून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवलेला आठवत नाही. नेहमी मीच आणायचो. ग्लास हातात घेतला तेव्हाच कळलं की ह्यात साखरेशिवाय आणखी काहीतरी आहे.

"बैठ, गौतम. सुन. साब आएँगे. तेरेकू पूछेंगे तो बोलना, पंप दसरे की सुबह तूने बसाया."

"मी निंबर्ग्यात होतो."

"हौ. मालूम."

"मग मी कसा बसवीन?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "हम लोगाँ बोले तो कोई नहीं मानता. दोरा बंधा था, सबने देखा. तेरेकू तो पूजा-बिजा नहीं. तू बोला तो मानेंगे."

मी चहा तसाच ठेवला आणि बॉनेट उघडलं. पंप बसवलेला होता. टिकली गायब. तीन बोल्ट, नळी, सगळं जागच्या जागी.

आता विचार करा. खंडेनवमीला पंप पाटावर होता. गाडी दसऱ्याच्या सकाळी गेली, तोपर्यंत एकही पाना सुटलेला नव्हता. अपघात झाला. आणि आता पंप इंजिनावर होता. पंपाला पाय नसतात. ह्यांना एक असा माणूस पाहिजे होता जो दोरा बांधलेला असताना पाना उचलील. तो ह्यांना माझ्या धर्मात सापडला. वर्षभर 'तुमच्यात चालत नाही' म्हणून बाजूला ठेवायचं आणि अडचण आली की त्याच गोष्टीचा जॅक लावायचा. पत्रकात मी ह्याला कारस्थान म्हणालो असतो. इथंही तेच म्हणतो.

दशरथ जामिनावर सुटला तेव्हा त्याच्या घरी गेलो. तो बाजेवर पाय वर करून पडला होता.

"दारू प्यायला होतास काय?" मी सरळ विचारलं. मित्र असला तरी विचारावं.

"नवरात्रात? आई सोडंल व्हय मला?"

"आई कोण, घरची का तुळजापूरची?"

"घरची. तुळजापूरची एक वेळ माफ करंल."

मग त्यानं सांगितलं. मागं माणसं दाबून. उताराला गाडी सेकंड गिअरात होती, जपूनच चालला होता. पुलाच्या अलीकडे समोर बैलगाडी आली, आपट्याच्या फांद्यांनी भरलेली, वर दोन लेकरं बसलेली. "म्या पेडलवर उभा राह्यलो, गौतम. बसून न्हाई. स्टेरिंग धरून उभा. काशीबाई मागून वरडायल्या, आरं थांबीव, थांबीव. गाडी आपली जायलीच. मग घातली नालीत. न्हाईतर बैलं गेली असती, लेकरं गेली असती."

त्यानं उजवा तळपाय माझ्याकडे केला. वॅगनच्या पेडलचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं, नुसतं लोखंड राहिलं होतं, आडव्या उभ्या रेघांचं. त्या रेघा त्याच्या तळव्यावर उमटल्या होत्या. काळ्यानिळ्या, चौकटी चौकटींच्या, जणू जाळी तापवून डाग दिला होता. पोलिसात लिहिलं आहे की ड्रायव्हरनं ब्रेक लावलाच नाही. ज्यानं ते लिहिलं त्यानं वरून तोंडाचा वास घेतला असेल, नसेल. खाली पायाकडे बघितलं नाही एवढं नक्की.

तपासणीचे साहेब आले. सोबत अप्पा. साहेबांनी बॉनेट उघडून पंपावर टॉर्च मारला. माणूस अडाणी नव्हता. नळी कुठून कुठं जाते ते त्यांनी बोटानं बघितलं.

"कोणी बसवला?"

"ह्यानं," अप्पा माझ्याकडे बोट करून म्हणाले. "दसऱ्याच्या पहाटे. ह्याला कुठली आलीय खंडेनवमी?"

"मी त्या दिवशी निंबर्ग्यात होतो, साहेब."

"साक्षीदार?"

"सगळी वस्ती."

"म्हंजे त्याचीच माणसं," अप्पा म्हणाले.

मी म्हणालो, "साहेब, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तीन बोल्ट खोलतो, ते बघा."

साहेबांनी मान हलवली. उस्ताद दाराशी उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही. मी पाना लावला आणि पंप अंगापासून सोडवला. पॅकिंग अलगद सुटून आलं. पंपाच्या सपाट तोंडावर पाच बोटांचे ठसे होते. हळदीकुंकवाचे. दाबून पसरलेले, पॅकिंगच्या कागदाला लागलेले.

खरं म्हणजे मलाही ते अपेक्षित नव्हतं. मी पंपाचा गिअर अजून फिरलेलाच नाही एवढं दाखवणार होतो. कुंकू राहायलाच नको होतं, कारण पॅकिंग लावायच्या आधी तोंड पेट्रोलनं धुऊन कोरड्या फडक्यानं पुसायचं, हे गॅरेजातलं पहिलं शिक्षण. तसं पुसलं नाही तर तेल गळतं. आणि इथं कुंकू जसंच्या तसं.

साहेबांनी बोट फिरवलं, चोळलं. "कोरडं आहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले.

ते त्यांना कळलं म्हणून मला बोलावंच लागलं नाही. तरी तुमच्यासाठी सांगतो. पंप बसल्यावर इंजिन थोडं जरी फिरलं असतं तरी आतून तेल आलं असतं आणि त्या कुंकवाचा चिखल झाला असता. कुंकू होतं, म्हणजे पंप पूजेनंतर बसला. कोरडं होतं, म्हणजे पंप बसल्यावर इंजिन फिरलंच नाही. म्हणजे गाडी पंपाशिवाय गेली, नालीत पडली, ओढून आणली, आणि मग पंप बसला.

"साहेब, लिहा हे," मी म्हणालो.

"काय लिहू? कुंकू सापडलं?"

"व्हय."

"कुठं लिहू?" त्यांनी मला छापील कागद दाखवला. "ब्रेक सिस्टिम फिटेड आहे की नाही, एवढं विचारलंय. आहे. कधी फिट केली, हे विचारलेलं नाही."

अप्पा म्हणाले, "चला साहेब, ऊन झालं."

साहेब गेले. त्यांनी 'फिटेड' लिहिलं. त्यात खोटं एक अक्षर नाही. म्हणून तर ते खोडता येत नाही.

उस्ताद म्हणाले, "गौतम, तेरा हिसाब कर देता. अब तू इधर नक्को."

मी माझे कपडे पिशवीत भरत होतो. ते जवळ येऊन उभे राहिले.

"तुम्हीच बसवला," मी म्हणालो.

"हौ. गाडी आई, अप्पा बोले बसाओ. मैं बसाया. शेड उनकी है. यहाँ कितने लोगाँ के घर में चूल्हा जलता, तेरेकू मालूम."

"बसवला ते समजलं. पण तोंड का पुसलं न्हाई? मी एकदा विसरलो होतो तेव्हा तुम्ही पान्यानं बोटावर मारलं होतं."

ते माझ्या पिशवीचे बंद आवळायला लागले. मग म्हणाले, "फडका हात में लिया था. किसी की पूजा का कुंकू था, गौतम. पोंछने का दिल नहीं किया."

मी संशयी माणूस आहे. एवढा मोठा कारागीर, ज्याला केसभर चुकलेलं सेंटर डोळ्यानं दिसतं, तो फक्त मन झालं नाही म्हणून तसाच पंप बसवील? का त्याला माहीत होतं की मी परत येईन आणि बोल्ट खोलीन? मी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच: "कोर्टात सांगाल?"

"पहिला नहीं रहूँगा मैं. कोई एक खड़ा रहा तो दूसरा रहूँगा."

"मी उभा राहतो पहिला."

"तू गिनती में नहीं. तेरेकू तो उनोंने बसानेवाला ठहराया."

वकिलांनीही हेच सांगितलं. माझ्याच अंगावर आरोप ढकललाय, त्यामुळे माझा शब्द स्वतःला वाचवणाऱ्याचा शब्द होतो. काशीबाईंना दशरथनं ब्रेक दाबला का ते आठवत नाही. दवाखान्याचं अप्पांनी बघितलं, तेव्हापासून आठवत नाही. पॅकिंग मी कागदात गुंडाळून ठेवलं आहे, पण ते मी ठेवलंय, म्हणून त्यालाही किंमत नाही.

सध्या मी बिदरजवळच्या कोळारच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला आहे. दशरथ तिथंच गोदामात पोती उचलतो. पाय बरा झाला, रेघा गेल्या. वॅगन चिटगुप्प्याच्या रस्त्यावर नवा ड्रायव्हर घेऊन पळते, माणसं दाबून. चढाला आता कुणाला उतरावं लागत नाही. पंप चालू आहे. उस्तादांनी तोंड पुसून पुन्हा बसवलाय, तेव्हा तेल गळत नसणार.

या सगळ्यातून मेकॅनिक म्हणून मी शिकलो ते थोडं आहे. मोठं इंजिन घालणाऱ्यानं आधी ब्रेक मोठा करावा. आणि गाडी थांबली नाही तेव्हा जे हसले, त्यांची तोंडं लक्षात ठेवावीत.

मी ठेवली आहेत. तुमच्यातले पुष्कळ जण त्या आवारात होते. रांगेतल्या गॅरेजांचे, दुकानांचे, लेकरं घेऊन आलेल्या बायका. तुमच्या हातात अक्कांनी दिलेलं खोबरं होतं. टायरचा ढीग तुमच्यासमोर कोसळला. दशरथ 'पेडल दबंना' म्हणाला ते तुम्ही ऐकलंत, उस्ताद 'कल नक्को' म्हणाले तेही ऐकलंत. तुम्हाला इंजिनातलं काही कळायची गरज नाही. पंप, पॅकिंग, कुंकू, त्यातलं काही बोलू नका.

संक्रांत झाली की बिदरच्या कोर्टात दशरथची तारीख आहे. तुमच्यापैकी एकानं या. उभं राहा आणि सांगा की लिंबांवरून गेलेली गाडी थांबली नाही, आणि अप्पा तिथं होते. दुसरा माणूस तुमच्या मागं उभा राहायला तयार आहे. तो फक्त पहिल्याची वाट बघतोय.